मोठं दुकान आणि उधारीची वही

सप्टेंबर २०१२ मध्ये केंद्र सरकारने बहुब्रँड किरकोळ व्यापारात ५१ टक्के विदेशी गुंतवणुकीला परवानगी दिली आणि देशात दोन तट पडले. २० सप्टेंबरला भारत बंद झाला, ममता बॅनर्जींच्या पक्षाने सरकारचा पाठिंबा काढला, डिसेंबरात लोकसभेत मतदान झालं आणि २५३ विरुद्ध २१८ मतांनी सरकार तरलं. पृथ्वीराज चव्हाणांच्या महाराष्ट्र सरकारने निर्णयाचं स्वागत केलं, व्यापारी संघटनांनी शटर खाली ओढलं, आणि दलालांच्या साखळीतून शेतकरी सुटेल या आशेने शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी गुंतवणुकीची बाजू घेतली. या गदारोळात एक अट फारशी कोणी वाचली नाही. असं दुकान दहा लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरातच उघडता येणार होतं. २०११ च्या जनगणनेत यवतमाळ शहराची लोकसंख्या सव्वा लाखाच्या आत होती. विदर्भात या अटीत बसणारं शहर एकच, नागपूर. म्हणजे यवतमाळचा या वादाशी कागदोपत्री संबंध नव्हता. तरीही दोन्ही बाजूंच्या भाषणांत पुन्हा पुन्हा नाव निघालं ते विदर्भातल्या कापूस उत्पादकाचं. (वॉलमार्टसारखं दुकान भाजी, फळं, धान्य घेतं, कापूस घेत नाही, ही बारीकसारीक गोष्ट दोन्ही बाजूंनी सोडून दिली.) खरं तर मोठ्या गिऱ्हाइकाचा आणि मोठ्या दुकानाचा वाद या जिल्ह्याला नवा नाही. दीडशे वर्षांत तो निरनिराळ्या रूपांत इथे येऊन गेला. दरवेळी भांडण आकारावर आणि भावावर झालं, आणि दरवेळी निकाल लावला तिसऱ्याच गोष्टीने: पैसा हातात केव्हा पडतो, आणि तो पडेपर्यंत उधार कोण देतं.

सुरुवात इंग्रजी अमलापासून करावी लागते. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. आजच्या यवतमाळ जिल्ह्याचं पूर्वीचं नाव वणी जिल्हा. १९०५ मध्ये ते बदलून यवतमाळ झालं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीचं मोल एकाएकी वाढलं. त्याच दशकात मुंबईहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचला. विंटरथुर आणि मुंबई इथे १८५१ मध्ये एकाच वेळी सुरू झालेली फोल्कार्ट ब्रदर्स आणि ग्रीक कुटुंबाची रॅली ब्रदर्स या त्या काळातल्या बलाढ्य पेढ्या. खामगाव-अमरावतीच्या बाजारात त्यांचे खरेदीदार उतरले. लिव्हरपूलचा भाव त्यांना तारेने कळे, प्रेस आणि गोदामं त्यांच्या हाताशी असत, आणि गाठी बांधल्या की थेट जहाजापर्यंत त्यांची साखळी होती. आजच्या कुठल्याही साखळी दुकानाला शोभेल असा हा पसारा. स्थानिक अडत्या त्यांच्यापुढे चिल्लर वाटावा अशी स्थिती होती.

तरीही तो अडत्या संपला नाही, उलट फोफावला. कारण साधं आहे. परदेशी पेढी जिनिंगच्या आवारात आलेल्या कापसाला रोख पैसे मोजायची, पण तो कापूस मुळात कोणाचा हे त्याच्या सहा महिने आधी ठरलेलं असायचं. मृगाच्या तोंडाशी बी, बैल, ज्वारी आणि घरात एखादं लग्न असेल तर त्याचा खर्च, हे सगळं गावातल्या सावकाराच्या वहीत चढायचं. पुष्कळदा पीक उभं असतानाच त्याचा भाव ठरायचा. दिवाळीनंतर वेचणी झाली की बैलगाडी शेतकऱ्याच्या दारातून निघायची, पण बाजारात पोहोचेपर्यंत माल सावकाराचा झालेला असायचा. मोठ्या पेढीला खेड्याखेड्यांतल्या हजारो कुणब्यांची पत तपासत बसणं परवडणारं नव्हतं. म्हणून तिने ते काम ज्याला जमतं त्याच्याकडे राहू दिलं आणि त्याच्याकडूनच माल घेतला. त्यात तिचंही काही बिघडत नव्हतं.

या काळाचं सर्वांत मोठं कायदेशीर अपत्य म्हणजे १८९७ चा वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजार कायदा. त्याआधी १८८६ मध्ये कारंज्याच्या बाजाराला हैदराबाद रेसिडेंसीच्या आदेशाने नियम लागू झाले होते. बाजाराची जागा ठरवणं, दलाल आणि मापाड्यांना परवाने देणं, मनमानी कडता आणि धर्मादाय कापायला आळा घालणं, आणि वादात निवाडा देणारी समिती नेमणं हे या कायद्याचं स्वरूप. भारतातल्या नियंत्रित बाजारांचा तो पाया मानला जातो आणि ते योग्यच आहे. पण त्यामागची प्रेरणा शेतकऱ्याच्या कळवळ्यापेक्षा गिरण्यांना निर्भेळ आणि खात्रीचा माल मिळावा ही होती, आणि समितीत वर्चस्व व्यापाऱ्यांचंच होतं. १९२८ मध्ये शेतीविषयक रॉयल कमिशनने वऱ्हाडच्या बाजारांचं कौतुक केलं ते याच दोषावर बोट ठेवून. कमिशनच्या टीकेच्याही पुढे जाऊन म्हणावं लागतं की कायद्याने फक्त काट्यावरचा शेतकरी पाहिला. काट्यापर्यंत स्वतःचा माल स्वतःच्या नावावर आणू शकणारा शेतकरी हाच मुळात बरा शेतकरी. ज्याचा कापूस गावातच वळता झाला होता त्याला परवानाधारक मापाड्याचा काय उपयोग? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन कंपनीने यवतमाळ ते मूर्तिजापूर अरुंद रूळ टाकले. पुढे शकुंतला नावाने ओळखली गेलेली ही गाडी कापूस मुंबईच्या मार्गावर नेऊन सोडायची. वाहतूक स्वस्त झाली, बाजार जवळ आला, वही मात्र तिथेच राहिली. १९३० च्या मंदीनंतर मध्य प्रांत सरकारने कर्ज-तडजोडीचा आणि सावकारीवर नियंत्रणाचा कायदा केला. सावकार नियंत्रणात आला, पण त्याची जागा घेईल अशी पत उभी राहिली नाही.

स्वातंत्र्यानंतर जो मोठा गिऱ्हाईक आला तो आधीच्या सगळ्यांना बाजूला सारणारा होता, कारण तो एकटाच होता. १९७१ चा कच्चा कापूस कायदा आणि १९७२ च्या हंगामापासून आलेली एकाधिकार कापूस खरेदी योजना. मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, पुसद तालुक्यातल्या गहुलीचे. म्हणजे याच जिल्ह्याच्या मातीतला माणूस राज्याच्या खुर्चीवर असताना याच जिल्ह्याच्या पिकासाठी हा प्रयोग झाला. राज्यात पिकलेला सगळा कापूस आधी सहकारी पणन महासंघाने आणि १९८४ पासून खास कापसासाठी स्थापन झालेल्या महासंघाने घ्यायचा, तोच जिनिंगला घालायचा, गाठी विकायच्या, आणि हमीभावापेक्षा जास्त मिळालं तर त्यातला वाटा शेतकऱ्याला द्यायचा. कल्पना म्हणून ती धाडसी होती. दलाल, अडत्या, सट्टेबाज सगळे एका फटक्यात बाहेर. व्यापाऱ्यांच्या संघटनांनी तिला विरोध केला, समाजवादी आणि शेकापच्या मंडळींनी तिची तरफदारी केली, आणि सुरुवातीच्या वर्षांत शेतकऱ्याच्या मनातही तिच्याबद्दल आपुलकी होती.

मग संकलन केंद्रावरचं चित्र पाहावं. डिसेंबरात बैलगाड्यांची रांग केंद्राच्या फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत जायची. नंबर लागायला रात्र गाडीखाली काढावी लागायची, बैलांना कडबा घरूनच आणावा लागायचा. ग्रेडर मूठभर कापूस हातात घेऊन बोटांनी धागा ओढायचा आणि प्रत ठरवायचा; त्याच्या एका शब्दावर क्विंटलमागे किती कमी-जास्त होणार ते अवलंबून. काटा झाला की पावती. पण पावती म्हणजे पैसे नव्हेत. चुकारा हप्त्याहप्त्याने यायचा, आणि त्यातूनही सोसायटीचं पीककर्ज आधीच वळतं व्हायचं. हातात काय उरणार आणि कधी, हे पावतीवर लिहिलेलं नसायचं. इकडे पोराची फी, आजारपण, लेकीच्या सासरचा दिवाळसण आणि मजुरांची वेचणीची मजुरी या गोष्टी हप्त्याने थांबत नाहीत. म्हणून छोटा शेतकरी आठवड्याच्या बाजारात किंवा थेट घरातूनच व्यापाऱ्याला कापूस देऊ लागला; भाव हमीपेक्षा कमी, पण नोटा लगेच हातात. तोच व्यापारी तो कापूस दुसऱ्या कोणाच्या सातबाऱ्यावर केंद्रावर घालायचा आणि हमीभाव स्वतः घ्यायचा. ज्या दलालाला कायद्याने हद्दपार केलं तो असा शेतकऱ्याचंच नाव लावून परत आला.

जिल्ह्याची भूगोलातली जागा या गोष्टीला आणखी धार देते. दक्षिणेला पैनगंगा आणि पलीकडे आदिलाबाद, तेव्हाचं आंध्र. पांढरकवड्याहून पाटणबोरीमार्गे हैदराबादचा रस्ता थेट तिकडे जातो. ज्या वर्षी बाहेर भाव चढा असायचा त्या वर्षी राज्याबाहेर माल नेण्यावरची झोनबंदी न जुमानता कापूस रात्री सीमा ओलांडायचा. भाव पडलेल्या वर्षी उलट बाहेरचा कापूस महाराष्ट्राच्या हमीभावासाठी आत शिरायचा. स्वतःच्या राज्यात पिकवलेला माल शेजारच्या राज्यात विकणं हा गुन्हा कसा, हा शेतकरी संघटनेचा सवाल होता आणि तो बिनतोड होता. डिसेंबर १९८६ मध्ये कापूस आंदोलनात मराठवाड्यातल्या सुरेगाव इथे पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मारले गेले तेव्हा एकाधिकाराचं नैतिक बळ खचलं होतं. पुढे तोटा साचत गेला आणि २००२ मध्ये खासगी खरेदीला मुभा देऊन सरकारने एकाधिकार व्यवहारात मोडीत काढला.

इथे एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. एकाधिकार बुडाला तो भावामुळे, भ्रष्टाचारामुळे आणि सरकारी गलथानपणामुळे. त्यात उधारीचा संबंध ओढून आणण्याची गरज काय? सीमेपलीकडे जाणारा कापूस तर उघडच भावाच्या मागे जात होता. हे मान्य करायला हवं. ट्रक भरून आदिलाबादला माल नेणारा भावासाठीच नेत होता. पण ट्रक भरेल इतका कापूस ज्याच्याकडे होता तो मोठा शेतकरी किंवा व्यापारी. दोन-चार एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्याचं वागणं भावाने समजत नाही. बाहेरचा भाव हमीपेक्षा खाली असताना, म्हणजे केंद्रावर घालण्यातच शहाणपण असताना, तो दारातल्या व्यापाऱ्याला का देत होता? कारण त्याने व्यापाऱ्याकडून आधीच उचल घेतलेली होती, किंवा केंद्रावर घातलं तर सोसायटी सगळं कापून घेईल आणि घर चालवायला काहीच राहणार नाही अशी त्याला भीती होती. सर्वांत मोठा गिऱ्हाईक, तोही कायद्याचं पाठबळ घेऊन आलेला, कोपऱ्यावरच्या माणसापुढे हरला. त्या माणसाकडे भाव चांगला नव्हता. त्याच्याकडे आजचा पैसा होता.

२००२ नंतर उधारीची ही सत्ता कृषी केंद्राकडे आली. बियाणं, खत, फवारणीचं औषध जूनपासून उधारीवर द्यायचं, हंगामात कापूस किंवा सोयाबीन आलं की वसूल करायचं. पुष्कळ ठिकाणी खरेदीदारही तोच किंवा त्याचाच नातलग. जुलै २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्याचा सर्वांत मोठा भाग सिंचनासाठी होता; कर्जाच्या थकीत व्याजाची माफीही त्यात होती, पण संस्थात्मक कर्जाच्या बाहेर राहिलेला शेतकरी त्या माफीच्याही बाहेर राहिला. उधारीने दुकानदाराला केवळ नफा मिळतो असं नाही. त्याच्या शब्दाला वजन येतं. कोणतं वाण पेरायचं आणि कोणत्या औषधात कोणतं मिसळायचं हा सल्लाही त्याच दुकानातून मिळतो. २०१७ च्या पावसाळ्यात या जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा चर्चा कंपन्यांची आणि कृषी खात्याची झाली. ती व्हायलाच हवी होती. पण उधार देणाराच जिथे औषधाची चिठ्ठी लिहितो तिथे गिऱ्हाइकाला ‘नको’ म्हणण्याची सोय किती, हा प्रश्न मागेच राहिला.

आता मोठ्या दुकानाकडे यावं. आयटीसीने २००० मध्ये मध्य प्रदेशातल्या सोयाबीन पट्ट्यात ई-चौपाल सुरू केलं आणि पुढे चौपाल सागर नावाची मोठी ग्रामीण दुकानं उघडली. ती महाराष्ट्रातही आली. शेतकऱ्याने एका बाजूला माल इलेक्ट्रॉनिक काट्यावर घालायचा, पैसे घ्यायचे आणि दुसऱ्या बाजूला त्याच आवारात साबणापासून खतापर्यंत खरेदी करायची अशी ही रचना. कडता नाही, ताटकळणं नाही. आतापर्यंतच्या सगळ्या मोठ्या गिऱ्हाइकांपेक्षा हिची आखणी चाणाक्ष होती. पण ती माल विकून झाल्यावरच्या दिवसाची सोय होती. जूनमधल्या शेतकऱ्याला तिथे विकायला काही नसतं. वॉलमार्टचं बेस्ट प्राइस हे घाऊक दुकान यवतमाळहून नव्वदेक किलोमीटरवर अमरावतीत आलं. तिथे घरगुती गिऱ्हाइकाला प्रवेश नव्हता. परवानाधारक किराणा दुकानदार, उपाहारगृहवाले वगैरेंनी यायचं, रोख मोजायचं आणि माल उचलायचा. घाऊक व्यापारात शंभर टक्के विदेशी गुंतवणूक आधीपासून चालत होती, त्यामुळे दहा लाखांची अट इथे लागूच नव्हती. २०१२ मध्ये संसदेत ज्यावर रणकंदन झालं ते दुकान मागच्या दाराने विभागाच्या ठिकाणी येऊन बसलं होतं.

अशा दुकानांच्या बाजूने जो युक्तिवाद होतो तो झटकून टाकण्यासारखा नाही. कोपऱ्यावरच्या दुकानाची उधारी ही काही समाजसेवा नव्हे. उधारीच्या गिऱ्हाइकाला भाव वेगळा लागतो, मालाची प्रत विचारायची सोय नसते, आणि वहीत काय चढलं हे अनेकदा दुकानदारालाच ठाऊक असतं. रोखीचं, छापील किमतीचं, सगळ्यांना एकच भाव लावणारं दुकान या बंधनातून सोडवतं, ही गोष्ट यवतमाळच्या शिक्षकाला, तलाठ्याला, बँकेतल्या कारकुनाला प्रत्यक्ष अनुभवाची आहे. अशा दुकानाला विरोध करणारे व्यापारी ग्राहकाच्या हितासाठी लढतात असं कोणी म्हणत असेल तर तो विनोद आहे.

पण सुटका होते ती कोणाची? महिन्याच्या एक तारखेला पगार होणाऱ्याची. या जिल्ह्यात खरी फूट मोठ्या आणि छोट्या दुकानांत नाही. ती महिन्याचं उत्पन्न आणि हंगामाचं उत्पन्न असलेल्या माणसांमध्ये आहे, आणि दारव्हा असो की दिग्रस, घाटंजी असो की उमरखेड, बाजारपेठेतलं किराणा दुकान या दोघांच्या मध्ये उभं आहे. दुकानदार खेड्यातल्या गिऱ्हाइकाला सहा महिने थांबू शकतो, कारण शहरातला पगारदार त्याच्या गल्ल्यात दर महिन्याला रोकड टाकतो. रोखीचं गिऱ्हाईक मोठ्या दुकानात निघून गेलं की मागे उरतात फक्त उधारीवाले. मग दुकानदार एक तर उधारी बंद करतो किंवा महाग करतो. शहरातल्या ग्राहकाची किलोमागे चार रुपये झालेली बचत आणि खेड्यातल्या माणसाचं वाढलेलं व्याज या एकाच व्यवहाराच्या दोन बाजू असू शकतात, आणि वादात मात्र पहिलीच बाजू बोलते. नगरपरिषदेपुढे निवेदन घेऊन जातात ते व्यापारी. सवलतीच्या जाहिराती वाचतात ते शहरी ग्राहक. ज्याच्या उधारीवर परिणाम होणार तो त्या दिवशी रानात असतो.

यावर उत्तर येतं की हे काम बँकेचं आहे, दुकानाचं नाही. पीककर्ज वेळेवर मिळालं तर उधारीची गरजच संपेल. तत्त्वतः बरोबर. पण दीडशे वर्षांतला प्रत्येक सुधारक हेच म्हणत आला आणि प्रत्येकाने आधी बाजार बदलला, पत नंतर बघू म्हटलं. आजही भारतीय कापूस महामंडळ हमीभावाने खरेदी करतं, पैसे थेट बँक खात्यात येतात, आणि थकीत कर्ज असलेला शेतकरी नेमक्या याच कारणाने खासगी व्यापाऱ्याच्या खेडा खरेदीला कापूस घालतो. एकाधिकाराच्या वेळी सोसायटीची कपात होती, आता खात्यातली. थकलेलं कर्ज फेडू नये असं कोणी म्हणणार नाही. पण फेडल्यावर पुढच्या पेरणीपर्यंत जगायचं कशावर, याचं उत्तर हमीभावाच्या पावतीत कधीच नव्हतं.

मोठ्या दुकानांना ही गोष्ट उशिरा का होईना कळली. २०२० मध्ये वॉलमार्टचा भारतातला घाऊक व्यवसाय फ्लिपकार्टकडे गेला, आणि पुढच्याच वर्षी फ्लिपकार्ट होलसेलने किराणा दुकानदारांसाठी बँकेच्या मदतीने उधारीची योजना आणली. रोख मोजा आणि माल उचला, या तत्त्वावर उभं राहिलेलं दुकान अखेर वही उघडून बसलं. त्या योजनेतली बिनव्याजी मुदत दोन आठवड्यांची होती. राळेगाव किंवा झरी जामणीचा दुकानदार मृगात दिलेल्या उधारीचा पहिला पैसा कापसाची पहिली वेचणी विकल्यावर पाहतो, आणि ती वेचणी दसऱ्या-दिवाळीच्या आत होत नाही.